व्याधिक्षमत्वाची जोपासना : आहार, दिनचर्या आणि वनौषधी (बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश : कोविड-१९ च्या साथीनंतर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढविणे’ हा शब्दप्रयोग घरोघरी रूढ झाला. काढे, चूर्णे व गोळ्या यांचा वापर वाढला; परंतु प्रतिकारशक्ती म्हणजे नेमके काय, ती कशावर टिकते आणि वनौषधींची तीत मर्यादा कोणती, याचा विचार त्या मानाने कमी झाला. प्रस्तुत लेखात आयुर्वेदातील व्याधिक्षमत्वाची कल्पना आणि आधुनिक शरीरशास्त्र यांच्या आधारे आहार, निद्रा, श्रम, स्वच्छता, लसीकरण व वनौषधी यांचे स्थान स्पष्ट केले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे हंगामी स्थलांतर विचारात घेता प्रतिकारशक्तीचा प्रश्न हा औषधी वनस्पतींच्या उपलब्धतेपेक्षा पुरेसे अन्न, पुरेशी झोप आणि वेळेवर मिळणारी आरोग्यसेवा यांचा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : व्याधिक्षमत्व, ओज, आहार, निद्रा, लसीकरण, गुळवेल, ऊसतोड कामगार, बीड जिल्हा.

१. प्रस्तावना

बालाघाटच्या डोंगररांगांनी दुभागलेला, उत्तरेस गोदावरी व दक्षिणेकडे मांजरा या नद्यांचा शेजार लाभलेला आणि तरीही वारंवार अवर्षणास तोंड देणारा जिल्हा म्हणून बीडची ओळख आहे. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात ज्वारी, बाजरी, तूर, कापूस व सोयाबीन ही पिके प्रामुख्याने घेतली जातात. बालाघाटच्या माळरानावर वाढणाऱ्या येथील सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. गुळवेल, अडुळसा, कडुनिंब, आवळा, बेहडा, शतावरी अशा वनस्पतींची ओळख येथील जुन्या पिढीला चांगली आहे. परळी येथील ज्योतिर्लिंगाचे ‘वैद्यनाथ’ हे नावच वैद्यकाशी नाते सांगणारे असून परिसरातील डोंगरांवर दिव्य औषधी वाढतात, अशी लोकश्रद्धा आहे.

याच जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो स्त्री-पुरुष ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. औषधी वनस्पतींची परंपरा आणि आरोग्याची दुरवस्था या दोन गोष्टी एकाच भूमीत शेजारी नांदत असतील, तर प्रतिकारशक्तीचा विचार केवळ वनस्पतींपुरता मर्यादित ठेवून चालणार नाही.

मार्च २०२० मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने प्रतिकारक्षमतेसाठी काही घरगुती उपाय सुचविले. तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा, हळदीचे दूध, दहा ग्रॅम च्यवनप्राश, गरम पाणी, योगासने व प्राणायाम यांचा त्यात समावेश होता. हे उपाय साहाय्यक स्वरूपाचे होते. व्यवहारात मात्र त्यांना संरक्षक कवचाचे रूप आले आणि ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही समजूत अधिक दृढ झाली. या समजुतीची शास्त्रीय छाननी करणे अगत्याचे आहे.

२. रोगप्रतिकारशक्ती : स्वरूप व कार्य

रोगप्रतिकारशक्ती हा शरीरातील एखादा स्वतंत्र अवयव नाही किंवा टाकीतील पाण्याप्रमाणे कमी-जास्त करता येणारा साठाही नाही. ती अनेक अवयव, पेशी व रासायनिक द्रव्ये यांनी मिळून बनलेली एक व्यवस्था आहे. तिचे ढोबळमानाने दोन स्तर मानले जातात.

पहिला स्तर जन्मजात प्रतिकाराचा होय. त्वचा, श्वसनमार्गातील श्लेष्मल आवरण, लाळ, अश्रू, जठरातील आम्ल ही त्याची बाह्य तटबंदी आहे. ही तटबंदी ओलांडून आत आलेल्या जंतूंना काही पांढऱ्या पेशी गिळून नष्ट करतात. ताप, सूज व वेदना ही या झुंजीचीच लक्षणे असतात. हा प्रतिकार तत्काळ घडतो. पण तो विशिष्ट जंतूची ओळख लक्षात ठेवत नाही.

दुसरा स्तर संपादित प्रतिकाराचा होय. अस्थिमज्जेत निर्माण होणाऱ्या लसिकापेशी येथे महत्त्वाच्या ठरतात. त्यांतील ‘बी’ पेशींपासून विशिष्ट जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ‘टी’ पेशी, ज्यांची परिपक्वता छातीतील थायमस ग्रंथीत होते, संसर्ग झालेल्या पेशींचा नाश करतात आणि इतर पेशींच्या कार्याचे नियमन करतात. या प्रतिकारास सुरुवातीला काही दिवस लागतात. मात्र त्याला स्मृती असते. तोच जंतू पुन्हा आला असता प्रतिसाद जलद व प्रबळ मिळतो. लसीकरणाचे तत्त्व या स्मृतीवरच उभे आहे.

यावरून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. प्रतिकाराची तीव्रता सतत वाढती असणे हिताचे नाही. संधिवाताभ, काही प्रकारचे थायरॉइड विकार व ॲलर्जी यांत ही व्यवस्था स्वतःच्याच शरीरावर किंवा निरुपद्रवी पदार्थांवर उलटते. कोविडच्या काही गंभीर रुग्णांत जंतूपेक्षा शरीराचा अनियंत्रित दाह अधिक घातक ठरला आणि तेथे प्रतिकार दडपणारी स्टेरॉइड औषधे उपयोगी पडली. म्हणून ‘शक्ती वाढविणे’ यापेक्षा ‘व्यवस्था सुस्थितीत व समतोल राखणे’ हा शब्दप्रयोग अधिक यथार्थ होय.

३. आयुर्वेदातील व्याधिक्षमत्वाचा विचार

समतोलाची ही कल्पना भारतीय वैद्यकपरंपरेस अपरिचित नाही. आयुर्वेदात ‘व्याधिक्षमत्व’ ही संज्ञा आढळते. चरकसंहितेचे अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त यांनी तिचे दोन पैलू सांगितले आहेत. एक, उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणे. आणि दुसरा, व्याधी उत्पन्न होण्यासच प्रतिबंध करणे. या क्षमतेचा आधार म्हणून ‘ओज’ या सारभूत धातूचा उल्लेख केला जातो. आधुनिक प्रतिकारशास्त्रातील पेशी व प्रतिपिंडे यांच्याशी ओजाचे थेट समीकरण मांडणे योग्य नाही. दोन्ही विचारपद्धती भिन्न आहेत. तथापि दोहोंतून निघणारे व्यावहारिक निष्कर्ष अनेक ठिकाणी जुळतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सर्व शरीरे सारख्याच व्याधिक्षमत्वाची नसतात, असे स्पष्ट केले आहे. अतिस्थूल, अतिकृश, दुर्बल, अहितकर आहारावर पोसलेली, अल्पाहारी आणि मनाने दुबळी शरीरे व्याधी सहन करू शकत नाहीत, असा त्या विवेचनाचा आशय आहे. कृशता व अल्पाहार यांचा येथील निर्देश विशेष लक्षणीय होय. त्याच ग्रंथात आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्या व ऋतुचर्या यांना स्वतंत्र अध्याय दिले आहेत. चरकाने रसायन औषधींबरोबरच सदाचार, संयम व शांत वृत्ती यांचा ‘आचाररसायन’ म्हणून विचार केला आहे.

याचा अर्थ असा की, परंपरेनेही औषधीला एकटे उभे केलेले नाही. आहार, निद्रा व आचार यांच्या पायावर रसायनाचा उपयोग अभिप्रेत आहे. आज पाया वगळून केवळ रसायनाची बाटली विकत घेतली जाते, तेव्हा ते परंपरेचे अनुसरण ठरत नाही.

४. आहार : प्रतिकाराचा पहिला आधार

प्रतिपिंडे ही प्रथिने असतात. प्रतिकारपेशींची संख्या संसर्गकाळात झपाट्याने वाढवावी लागते. त्यासाठी ऊर्जा, प्रथिने, लोह, जस्त, ‘अ’, ‘क’ व ‘ड’ जीवनसत्त्वे आणि फॉलिक आम्ल यांची गरज असते. यांपैकी एखाद्या घटकाची कमतरता असेल, तर ती भरून काढल्याने प्रतिकार सुधारतो. ज्याच्याकडे तो पुरेसा आहे त्याने अधिक मात्रेत घेतल्यास तेवढ्या प्रमाणात लाभ होत नाही. ‘क’ जीवनसत्त्वाचे उदाहरण बोलके आहे. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले की, ते नियमित घेतल्याने सर्वसामान्य लोकांत सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही. प्रौढांत सर्दीचा कालावधी सुमारे ८ टक्के व मुलांत सुमारे १४ टक्के कमी होतो.

अन्न व प्रतिकार यांच्या संबंधाचा अत्यंत ठळक पुरावा अलीकडे भारतातूनच पुढे आला. झारखंडमधील चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांवर एक विस्तृत चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे १० हजार कुटुंबीयांपैकी एका गटातील प्रौढांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्यात आली. दुसऱ्या गटात केवळ रुग्णालाच शिधा मिळाला. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. जेथे उपासमार आहे, तेथे भात आणि वरण हेच प्रतिकारवर्धक ठरते, असा या अभ्यासाचा सरळ अर्थ होतो. क्षयरुग्णांना पोषणासाठी अर्थसाहाय्य देणारी ‘निक्षय पोषण योजना’ २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली व नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये करण्यात आली.

बीड जिल्ह्यातील पारंपरिक आहार या दृष्टीने निकस नव्हता. बाजरीत दर १०० ग्रॅममध्ये सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात ते १ मिलिग्रॅमहूनही कमी असते. भाकरीसोबत तुरीचे वरण, मटकी किंवा हुलग्याची उसळ, जवस-कारळ्याची चटणी, अंबाडी, करडई, तांदुळजा, शेवगा व पाथरी यांसारख्या पालेभाज्या, तीळ व शेंगदाणे अशी ताटाची रचना धान्य, कडधान्य व तेलबिया यांचा मेळ घालते. धान्यातील व पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास लिंबू, आवळा, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व साहाय्य करते, तर जेवणाला लागून घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. अंडी, दूध, मासे व मांस ज्यांच्या आहारात चालतात, त्यांना प्रथिने व लोह अधिक सुलभतेने मिळतात.

मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. घरातील स्त्रीने सर्वांनंतर व उरलेले जेवण्याची रीत, सोयाबीन-कापसापुढे मागे पडलेली बाजरी व कडधान्ये, आणि भाजीऐवजी चहा-बिस्किटावर भागवलेली न्याहारी यांचा विचार केल्याशिवाय या आकड्याचा अर्थ लागत नाही.

५. निद्रा, श्रम आणि विसावा

निद्रेचा प्रतिकारशक्तीशी असणारा संबंध प्रयोगाने सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात (२००९) १५३ निरोगी प्रौढांच्या झोपेची नोंद घेऊन त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकण्यात आले. रोज सात तासांहून कमी झोप घेणाऱ्यांत सर्दी होण्याची शक्यता आठ तास वा त्याहून अधिक झोपणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट दिसली. अपुऱ्या झोपेत लसीलाही शरीराचा प्रतिसाद मंद मिळू शकतो, असे अन्य अभ्यासांत आढळले आहे.

व्यायामाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या शारीरिक हालचालीची शिफारस केली. महाविद्यालयीन अध्यापक, कार्यालयीन कर्मचारी व व्यापारी यांच्यासाठी ती योग्यच आहे. जलद चालणे, सायकल, सूर्यनमस्कार यांतून ती पूर्ण करता येते. ऊसतोड कामगाराला मात्र ही शिफारस लागू करणे विसंगत ठरते. तेथे प्रश्न व्यायामाच्या अभावाचा नसून विसाव्याच्या अभावाचा आहे.

ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी हे कामाचे एकक मानले जाते आणि तिला ‘कोयता’ असे म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर कष्ट करून फेडावयाची असते. पहाटे अंधारात फडावर जाणे, ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे, आणि स्त्रियांच्या बाबतीत त्याआधी व त्यानंतर स्वयंपाक, पाणी, मुले हा दिनक्रम असतो. वाहन रात्री आले तर भरणी रात्री होते. उसाच्या पाचटाची अथवा प्लास्टिकच्या कापडाची कोपी हेच घर. एक खाडा पडला तरी पैसे कापले जातात, त्यामुळे आजारपण व मासिक पाळी यांतही विश्रांती मिळत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या प्रश्नाची कारणे अनेकविध आहेत. परंतु विसावा हीच चैन ठरणाऱ्या जीवनपद्धतीचे ते एक टोक आहे, हे नाकारता येत नाही. अशा स्त्रीला ‘पुरेशी झोप घ्या, ताण टाळा’ असा उपदेश करणे म्हणजे परिस्थितीचा भार व्यक्तीवर टाकणे होय.

६. स्वच्छता, धूर व तंबाखू

श्वसनमार्गातील श्लेष्मल आवरण व त्यावरील सूक्ष्म केस हे जंतूंना बाहेर लोटण्याचे काम करतात. चुलीचा धूर, विडी-सिगारेटचा धूर व राख यांमुळे हे कार्य मंदावते. तंबाखूचे धूम्रपान हा क्षयरोगाचा धोका वाढविणारा मान्यताप्राप्त घटक आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी तंबाखू मळणे व ग्रामीण स्त्रियांमध्ये मिश्री लावणे या सवयी टिकून आहेत. मिश्रीकडे दात घासण्याचे साधन म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात ती भाजलेली तंबाखूच असते आणि तिच्यामुळे तोंडातील आवरणास अपाय होतो. एखाद्या घरात सकाळी तुळशीचा काढा घेतला जात असेल आणि त्याच घरात मिश्री व धुराची चूल चालू असेल, तर लाभापेक्षा हानीचे पारडे जड राहते.

शुद्ध पाणी व साबणाने हात धुणे हे उपाय साधे असले, तरी त्यांचे मोल मोठे आहे. वारंवार होणाऱ्या अतिसारात मुलांच्या शरीरातील पोषकद्रव्ये वाया जातात; कुपोषणामुळे प्रतिकार घटतो; आणि घटलेल्या प्रतिकारामुळे पुन्हा संसर्ग होतो. टंचाईच्या काळात टँकरच्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या गावांत आणि नळ व शौचालय नसलेल्या तळांवर हे दुष्टचक्र अधिक वेगाने फिरते.

७. लसीकरण : प्रतिकाराची स्मृती

नैसर्गिक प्रतिकारशक्तीच्या चर्चेत लसीकरणास कित्येकदा ‘कृत्रिम’ मानून बाजूला सारले जाते. हा गैरसमज होय. लस शरीराला परके बळ देत नाही. शरीराच्या स्वतःच्या स्मृतीला ती प्रशिक्षित करते. महाराष्ट्राचा या क्षेत्रातील वारसा अभिमानास्पद आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली असता वाल्देमार हाफकिन यांनी तेथेच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावे ओळखली जाते.

गोवराचे उदाहरण येथे विशेष उद्‌बोधक आहे. गोवर होऊन गेल्यावर मूल ‘काटक’ होते, असा समज खेड्यांत आढळतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार वस्तुस्थिती उलट आहे. गोवराचा विषाणू शरीराची जुनी प्रतिकारस्मृतीच पुसून टाकतो. बाधित मुलांत इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाल्याचे दिसले. म्हणजे गोवरातून बरे झालेले मूल इतर आजारांना पुन्हा नव्याने बळी पडू शकते. लसीमुळे अशी हानी होत नाही. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला होता, ही बाब विसरता येणार नाही.

बीडच्या संदर्भात लसीकरणाचे वेळापत्रक व तोडणीचा हंगाम यांची तुलना केली असता प्रश्नाचे स्वरूप लक्षात येते. सप्टेंबरच्या आरंभी जन्मलेल्या बालकाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील लसी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. तेव्हा कुटुंब फडावर असते. मार्च-एप्रिलमध्ये जन्मलेल्या बालकाची नवव्या महिन्यातील गोवर-रुबेलाची पहिली मात्राही डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे परगावीच येते. शासकीय केंद्रावर कोणत्याही गावच्या बालकास लस मोफत मिळू शकते. परंतु त्यासाठी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असणे, तळावर आशा कार्यकर्ती पोहोचणे आणि अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणे शक्य असणे या तीन अटी आहेत. त्यांतील एकही निसटली, तरी मात्रा चुकते.

८. वनौषधी : गुण आणि मर्यादा

वनौषधी निरुपयोगी आहेत, असा वरील विवेचनाचा अर्थ नाही. आधुनिक वैद्यकातील अनेक औषधांचा उगम वनस्पतींतच आहे. परंतु ज्या द्रव्यात गुण असतो, त्यात दोषाची शक्यताही असते. बीडच्या माणसाला हे सीताफळावरून सहज समजावे. त्याचा गर पौष्टिक व मधुर असतो. बियांची पूड मात्र डोक्यातील उवा मारण्यासाठी वापरतात आणि ती डोळ्यांत गेल्यास बुबुळास इजा होते. एकाच फळात अन्न व विष दोन्ही नांदतात.

*आवळा* हा आहार व औषध यांच्या सीमेवरील पदार्थ होय. त्यात संत्र्याच्या कित्येक पट ‘क’ जीवनसत्त्व असते. ताजा आवळा, लोणचे किंवा चटणी या रूपांत तो आहाराचा भाग होणे हितकर आहे. साखरेच्या पाकातील मोरावळा व च्यवनप्राश मधुमेही व्यक्तींनी मात्र जपून घ्यावेत.

*हळद* दाहशामक मानली जाते. तिच्यातील कर्क्युमिन हे द्रव्य आतड्यांतून फारच कमी शोषले जाते. बंगळूरु येथील १९९८ च्या एका अभ्यासात मिऱ्यातील पायपरिन सोबत दिल्यावर मानवी रक्तातील त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले दिसले. हळदीबरोबर मिरी वापरण्याच्या रीतीस यातून पुष्टी मिळते. तथापि पायपरिनमुळे इतर औषधांचेही शोषण बदलू शकते. स्वयंपाकातील प्रमाण सुरक्षित आहे. संहत अर्काच्या गोळ्या ही निराळी बाब होय.

*तुळस, आले, अडुळसा* यांचा उपयोग खोकला-पडशात आराम देण्यासाठी परंपरेने होतो. गरम काढ्याने घसा शेकला जातो व शरीरात द्रव जातो, हा लाभही खरा आहे. मात्र मिरी, सुंठ व दालचिनीचा तीव्र काढा दिवसातून अनेकदा घेतल्यास पित्त, जळजळ व तोंड येणे असे त्रास संभवतात. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला काढ्याने दडपू नये. क्षयरोगाच्या तपासणीसाठी थुंकी द्यावी.

*गुळवेल* ही या काळात सर्वाधिक गाजलेली वनस्पती. कडुनिंबावर चढलेली वेल विशेष गुणकारी समजली जाते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांना यकृतास इजा झालेले सहा रुग्ण आढळले. त्या सर्वांनी गुळवेलीचे सेवन केले होते. हा वृत्तान्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांत प्रतिकारव्यवस्था स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती याची खात्री केलेली नाही, दिसण्यात साम्य असलेली दुसरी विषारी जात असू शकते, आणि गुळवेल सुरक्षित आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढे देशातील अनेक केंद्रांतील डॉक्टरांनीही अशा रुग्णांची नोंद केली.

हा वाद कोणत्याही बाजूने सोडविला, तरी सामान्य वापरकर्त्यासाठी निघणारा बोध एकच आहे. वनस्पती चुकीची असेल तर ओळख पटविण्याचे ज्ञान आवश्यक. वनस्पती योग्य असेल तर मात्रा, कालावधी व व्यक्तीची प्रकृती यांचा विचार आवश्यक. ज्यांना यकृताचा विकार, स्वयंप्रतिकार विकार किंवा मधुमेह आहे, ज्या स्त्रिया गर्भवती आहेत, अथवा ज्यांची प्रतिकार दडपणारी औषधे चालू आहेत, अशांनी वैद्याच्या सल्ल्याविना गुळवेल किंवा अश्वगंधा घेऊ नये. कावीळ, गडद लघवी, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दिसताच चूर्ण थांबवून तपासणी करावी आणि काय घेतले हे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे.

बाजारातील सिद्ध औषधांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २००८ मध्ये आंतरजालावरून मागविलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यामुळे उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व मुदत छापलेली नसलेले, यात्रा-बाजारात पुडीत मिळणारे औषध टाळणे श्रेयस्कर.

९. महाविद्यालयांची भूमिका

जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे आई-वडील ऊसतोडीस जातात. सहामाही परीक्षेच्या काळात घरी धाकट्या भावंडांची व वृद्धांची जबाबदारी याच विद्यार्थ्यांवर असते. म्हणून आरोग्यविषयक प्रबोधनासाठी महाविद्यालय हे प्रभावी केंद्र ठरू शकते. पुढील उपक्रम अल्प खर्चात शक्य आहेत.

(अ) वनस्पतिशास्त्र विभागाने औषधी उद्यानातील प्रत्येक वनस्पतीच्या फलकावर तिच्या उपयोगाबरोबर ‘कोणी घेऊ नये’ हेही लिहावे. गुळवेल व तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेली यांतील फरक नमुन्यांसह दाखवावा.

(आ) राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर स्थलांतराआधीच्या काळात घेणे शक्य असल्यास, गावातील बालकांची लसीकरण कार्डे तपासून चुकलेल्या व हंगामात येणाऱ्या मात्रांची यादी आशा कार्यकर्तीच्या हाती द्यावी.

(इ) शिधापत्रिकेवरील धान्य देशात कोठेही घेता येते, ही ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेतील सोय प्रत्येक स्थलांतरित कुटुंबास समजावून सांगावी. आधार जोडणी अपुरी असल्यास ती निघण्यापूर्वी पूर्ण करून घ्यावी.

(ई) ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेची माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी. फडावरच्या कोपीऐवजी वसतिगृहात राहणाऱ्या मुलास नियमित जेवण, झोप व शाळा या तिन्ही गोष्टी मिळू शकतात.

(उ) गृहविज्ञान व रसायनशास्त्र विभागांनी मिळून स्थानिक धान्ये, कडधान्ये व रानभाज्या यांवर आधारित, मजुरीच्या पैशांत बसणारे आहारतक्ते तयार करावेत. विद्यार्थिनींची हिमोग्लोबिन तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने वर्षातून दोनदा करावी.

१०. समारोप

रोगप्रतिकारशक्ती ही बाहेरून विकत आणून शरीरात भरावयाची वस्तू नसून रोजच्या जगण्यातून घडणारी क्षमता आहे. पुरेसे व मिश्र अन्न, सात-आठ तासांची झोप, झेपेल इतका श्रम व त्यानंतरचा विसावा, शुद्ध पाणी, तंबाखू व धुरापासून दूर राहणे, वेळेवर घेतलेल्या लसी हा तिचा पाया होय. वनौषधींचे स्थान या पायानंतरचे आहे आणि तेही ओळख, मात्रा व सल्ला यांच्या मर्यादेत आहे. चरकाने अल्पाहारी व कृश शरीराला व्याधी न सोसणारे म्हटले. झारखंडमधील चाचणीने तोच आशय आकड्यांत मांडला.

हा पाया बीड जिल्ह्यातील सर्वांना सारखा उपलब्ध नाही. ज्यांना निवड करता येते, त्यांनी सवयी बदलाव्यात. ज्यांना वर्षातील पाच-सहा महिने निवडच उरत नाही, त्यांच्यासाठी तळावर पाणी, शौचालय, शिधा, लस व सुट्टीचा दिवस यांची तरतूद कारखाने, शासन व समाज यांनी करावयाची आहे. बालाघाटच्या डोंगरावर गुळवेल उगवते, तिच्या जतनाची काळजी अवश्य घ्यावी. परंतु त्या डोंगराखालच्या वस्तीतील चूल दोन्ही वेळा पेटते की नाही, याची चौकशी त्याआधी व्हावी.